राजापूर लोकसभा मतदारसंघ (१९५७ ते २००९): एका पुसल्या गेलेल्या नावाचा इतिहास

१/ २००४ च्या लोकसभा निवडणुकीपर्यंत महाराष्ट्रातील मतदारसंघांच्या अधिकृत यादीत पहिल्या क्रमांकावर एक नाव असे: राजापूर. २००९ ची यादी नंदुरबारपासून सुरू झाली आणि हातकणंगल्यापाशी संपली. अठ्ठेचाळीस नावांमध्ये राजापूर कुठेच नव्हते. आजचा थ्रेड या पुसल्या गेलेल्या नावाविषयी आहे.

२/ आधी थोडा हिशेब. या मतदारसंघाने ५२ वर्षांत १३ सार्वत्रिक निवडणुका पाहिल्या आणि अवघे ४ खासदार निवडले. त्यांपैकी दोघे पुढे देशाचे रेल्वेमंत्री झाले. त्या दोघांतील एक अर्थमंत्रीही झाला. १३ पैकी ८ निवडणुका समाजवादी उमेदवारांनी जिंकल्या. ज्या मुलखात पूर्ण लांबीची रेल्वे १९९८ साली धावली, त्या मुलखाची ही कामगिरी आहे. हे कसे घडले आणि मग नाहीसे कसे झाले, ते क्रमाने पाहू.

३/ राजापूर हे नाव इतिहासाच्या विद्यार्थ्याला निवडणुकांच्या कितीतरी आधी भेटते. अर्जुना नदीच्या काठावरील ही सतराव्या शतकातील गजबजलेली व्यापारी पेठ. इंग्रजांची वखार येथे होती. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यात या वखारीच्या इंग्रजांनी सिद्दी जौहरला तोफगोळ्यांची मदत केली आणि पुढच्याच वर्षी शिवाजी महाराजांनी राजापुरावर चाल करून वखार लुटली, वखारवाल्यांना कैदेत टाकले. पुढे खाडी गाळाने भरत गेली, व्यापार मुंबईकडे सरकला आणि राजापूर हे डोंगरांच्या कुशीतले लहानसे शहर होऊन राहिले.

४/ १९५२ च्या पहिल्या निवडणुकीत राजापूर नावाचा मतदारसंघ नव्हता. तेव्हाच्या मुंबई राज्यातील रत्नागिरी जिल्ह्याचे उत्तर आणि दक्षिण असे दोन भाग होते. १९५७ साली दक्षिणेकडील मतदारसंघ राजापूर या नावाने उभा राहिला. राजापूर परिसरापासून देवगड, कणकवली, मालवण, कुडाळ, वेंगुर्ला, सावंतवाडी असा तो थेट गोव्याच्या सीमेला भिडत असे. डिसेंबर १९६१ पर्यंत त्या सीमेपलीकडे पोर्तुगीजांची सत्ता होती, हे विसरता कामा नये. दिल्लीतील या खासदाराच्या मतदारसंघाला परकीय सत्तेची हद्द लागून होती.

५/ आणखी एक गंमत. आज आपण या पट्ट्याला सिंधुदुर्ग म्हणून ओळखतो. परंतु सिंधुदुर्ग जिल्हा रत्नागिरीतून वेगळा निघाला तो १ मे १९८१ रोजी. म्हणजे राजापूर मतदारसंघ सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा २४ वर्षांनी वडील. बहुतांश मतदार ज्या जिल्ह्यात राहत होते, त्या जिल्ह्याचे नाव मतदारसंघाला नव्हते. कारण नाव ठरले तेव्हा तो जिल्हाच अस्तित्वात नव्हता.

६/ १९५७ ची निवडणूक संयुक्त महाराष्ट्राच्या वणव्यात झाली. प्रजा समाजवादी पक्ष हा संयुक्त महाराष्ट्र समितीचा एक घटक होता आणि राजापुरातून त्याचे उमेदवार होते बॅरिस्टर नाथ पै. जन्म वेंगुर्ल्याचा, २५ सप्टेंबर १९२२ चा. लंडनच्या लिंकन्स इनमधून बॅरिस्टर झालेले, आंतरराष्ट्रीय समाजवादी युवक चळवळीचे अध्यक्षपद भूषविलेले, इंग्रजी आणि मराठी या दोन्ही भाषांचे असाधारण वक्ते. निवडून आले तेव्हा त्यांचे वय होते ३४.

७/ त्यांनी १९५७, १९६२ आणि १९६७ अशा सलग तीन निवडणुका जिंकल्या. यांपैकी पहिलीचे श्रेय संयुक्त महाराष्ट्राच्या लाटेला देता येईल. परंतु १ मे १९६० रोजी राज्य मिळाले, समिती विस्कटली, १९६२ मध्ये काँग्रेसने राज्यात पुन्हा पकड बसवली आणि तरीही राजापूर नाथ पैंकडेच राहिले. मग या मतदारसंघात लाटेपलीकडचे काय होते?

८/ उत्तराचा पहिला धागा जमिनीत आहे. पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसचे बळ सहकारी साखर कारखाना, जिल्हा बँक आणि सोसायटी यांच्या साखळीतून उभे राहिले. प्रवरानगरचा कारखाना १९५० चा. त्याच्या मागोमाग ऊसपट्ट्यात अशी कित्येक सत्ताकेंद्रे तयार झाली. कोकणात ऊस नव्हता, म्हणून कारखाना नव्हता. कारखाना नव्हता, म्हणून कारखान्याचा अध्यक्ष नव्हता आणि त्याच्या शब्दावर मतदान करणारा सभासदही नव्हता. भातखाचरे, आंबा, काजू, नारळ आणि मासेमारी यांवर जगणाऱ्या माणसाला उपकृत करून ठेवणारी अशी यंत्रणा येथे उभीच राहिली नाही.

९/ दुसरा धागा खोतीचा. इंग्रजी अमलात कोकणातील गावोगावी सरकार आणि कूळ यांच्यामध्ये खोत उभा असे. सारा गोळा करणारा हा मध्यस्थ कुळाकडून काय काय वसूल करी, हा येथील शेतकऱ्यांच्या पिढ्यांचा प्रश्न होता. खोती नष्ट करण्याचे विधेयक डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात मांडले. प्रत्यक्ष कायदा झाला तो १९४९ मध्ये. कूळ आणि मालक यांच्यातील या दीर्घ झगड्यामुळे समतेची भाषा या मुलखात नवखी नव्हती. समाजवादी कार्यकर्ता आला, तेव्हा त्याचे शब्द लोकांच्या ओळखीचे होते.

१०/ तिसरा धागा मुंबईचा, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा. दक्षिण कोकणातील घरटी एक तरी माणूस मुंबईत असे: गिरणीत, गोदीत, छापखान्यात, कुणाच्या घरी स्वयंपाकाला. गावाची चूल मनीऑर्डरवर पेटे. हा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला घरी येताना पैशांबरोबर मुंबईतील युनियन, संप, सभा आणि वर्तमानपत्रेही घेऊन येई. जैतापूर, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला या बंदरांत आगबोटीतून उतरणारा प्रवासी म्हणजे एका परीने शहरी राजकारणाचा टपालवाहकच होता. मतदारसंघ कागदोपत्री ग्रामीण होता. त्याची राजकीय शाळा मात्र गिरणगावात भरे.

११/ आता नाथ पैंच्या सर्वांत मोठ्या संसदीय प्रयत्नाकडे येऊ. २७ फेब्रुवारी १९६७ रोजी सर्वोच्च न्यायालयाने गोलकनाथ खटल्यात ६ विरुद्ध ५ अशा बहुमताने निकाल दिला की, मूलभूत हक्कांचा संकोच करणारी घटनादुरुस्ती संसद करू शकत नाही. खटला पंजाबातील जमीनधारणेचा होता, म्हणजे प्रश्न मालमत्तेच्या हक्काचा होता. खोतीच्या प्रदेशातून आलेल्या समाजवादी खासदाराला यातील धोका तत्काळ दिसला: जमीनसुधारणांची वाटच बंद होणार.

१२/ त्याच वर्षी एप्रिलमध्ये नाथ पैंनी एक खासगी विधेयक मांडले. आशय सरळ होता: घटनेतील कोणताही भाग, मूलभूत हक्कांसह, दुरुस्त करण्याचा अधिकार संसदेला आहे हे स्पष्ट करावे. विधेयक संयुक्त समितीकडे गेले, त्यावर दीर्घ चर्चा झाल्या, सत्ताधारी आणि विरोधक दोन्ही बाकांवर मतभेद उमटले. एका छोट्या विरोधी पक्षाच्या ग्रामीण खासदाराने देशातील सर्वांत मूलभूत घटनात्मक वाद संसदेच्या पटलावर आणला होता. विधेयक मंजूर होण्यापूर्वीच २७ डिसेंबर १९७० रोजी लोकसभा विसर्जित झाली.

१३/ त्यानंतर तीनच आठवड्यांनी, १८ जानेवारी १९७१ रोजी, नाथ पैंचे बेळगावात निधन झाले. वय अवघे ४८. मृत्यूचे स्थळही लक्षात ठेवण्याजोगे आहे. संयुक्त महाराष्ट्राच्या मागणीतून निवडून आलेल्या या खासदाराने अखेरचा श्वास घेतला, तो त्या मागणीतील अपुऱ्या राहिलेल्या गावी.

१४/ विधेयकाची कथा मात्र संपली नाही. १९७१ मध्ये प्रचंड बहुमताने परतलेल्या इंदिरा गांधी सरकारने चोविसावी घटनादुरुस्ती केली आणि नाथ पैंना हवे होते ते जवळपास सारे साध्य झाले. १९७३ च्या केशवानंद भारती निकालाने गोलकनाथ निकाल रद्दबातल ठरवला. परंतु त्याचबरोबर घटनेची मूलभूत चौकट मोडता येणार नाही, अशी मर्यादाही घातली. पुढे आणीबाणीत एकोणचाळिसाव्या दुरुस्तीने पंतप्रधानांची निवडणूक न्यायालयाच्या कक्षेबाहेर नेली गेली आणि बेचाळिसाव्या दुरुस्तीने संसदेच्या अधिकाराला मर्यादाच नाही असे जाहीर केले.

१५/ येथे थोडे थांबून विचार करावा. जमीनसुधारणांसाठी मागितलेला अधिकार चार वर्षांत सत्तेच्या संरक्षणासाठी वापरला गेला. याचा दोष नाथ पैंना देणे अन्यायाचे होईल. संसद सर्वोच्च असावी म्हणणाऱ्याने संसदेतील विरोधी बाकेच तुरुंगात असतील अशी कल्पना केली नव्हती. पण हत्यार घडवताना ते उद्या कुणाच्या हाती पडेल, हा प्रश्न त्या विधेयकाच्या विरोधकांनी विचारला होता, हेही नोंदवले पाहिजे. आणि ज्यांना तुरुंगात जावे लागले त्यांत राजापूरचा पुढचा खासदार होता.

१६/ मधू दंडवते. जन्म अहमदनगरचा, २१ जानेवारी १९२४ चा. मुंबईच्या सिद्धार्थ महाविद्यालयात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक, बेचाळीसच्या आंदोलनातील कार्यकर्ते, १९५५ च्या गोवा सत्याग्रहातील सत्याग्रही. ते कोकणातले नव्हते. नाथ पैंच्या निधनानंतर दोन महिन्यांच्या आत, मार्च १९७१ मध्ये, त्यांना राजापुरातून उभे राहावे लागले. देशभर ‘गरिबी हटाओ’ची लाट होती.

१७/ निकाल पाहा. महाराष्ट्रातील ४५ पैकी ४२ जागा इंदिरा काँग्रेसने जिंकल्या. प्रजा समाजवादी पक्षाला संपूर्ण देशात केवळ दोन जागा मिळाल्या. एक बंगालमधील कांथी आणि दुसरी राजापूर. राज्यातील जवळपास प्रत्येक मतदारसंघ एका दिशेने गेला, तेव्हा हा मुलूख दुसऱ्या दिशेने उभा राहिला आणि तोही बाहेरून आलेल्या, मराठी प्राध्यापकी वळणाने बोलणाऱ्या एका माणसासाठी.

१८/ २६ जून १९७५. संसदीय समितीच्या कामासाठी बंगळूरला गेलेल्या दंडवत्यांना तेथेच अटक झाली. त्याच वेळी बंगळुरात अटल बिहारी वाजपेयी, लालकृष्ण अडवाणी आणि श्यामनंदन मिश्र यांनाही ताब्यात घेण्यात आले. दंडवते बंगळूरच्या तुरुंगात, पत्नी प्रमिला दंडवते पुण्याच्या येरवड्यात. दोघांचा संसार सेन्सॉरच्या नजरेखालून जाणाऱ्या पत्रांवर चालला. या काळात राजापूरच्या मतदारांना संसदेत आवाज नव्हता. मार्च १९७७ मध्ये मत देण्याची संधी मिळताच त्यांनी तो परत मिळवला.

१९/ जनता सरकारात दंडवते रेल्वेमंत्री झाले. १९७४ च्या रेल्वे संपात बडतर्फ झालेल्या कामगारांना त्यांनी कामावर परत घेतले. दुसऱ्या वर्गाच्या लाकडी बाकांवर दोन इंची फोम बसवण्याचा निर्णय त्यांचा. २६ डिसेंबर १९७७ रोजी मुंबई आणि हावडा यांच्या दरम्यान गीतांजली एक्सप्रेस सुरू झाली, जिच्यात वर्गभेद नव्हता. समाजवाद म्हणजे काय, हे त्या फोमवर पाठ टेकणाऱ्या प्रवाशाला पुस्तकाविना कळले असेल. त्यांच्याच सरकारने १९७८ च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने मालमत्तेचा हक्क मूलभूत हक्कांच्या यादीतून काढला. गोलकनाथपासून सुरू झालेले वर्तुळ अशा रीतीने राजापूरच्याच दुसऱ्या खासदाराच्या मंत्रिपदाच्या काळात पूर्ण झाले.

२०/ आता रेल्वेचा प्रश्न. कोकणात रेल्वे यावी ही मागणी नाथ पैंनी लावून धरली होती आणि त्यांच्याही आधीपासून अनेकांनी तिच्यासाठी आयुष्य वेचले होते. दंडवते मंत्री असताना पनवेलकडून येणाऱ्या मार्गाच्या आपटा ते रोहा या टप्प्याला चालना मिळाली. परंतु रोह्याला गाडी पोहोचायला १९८६ उजाडले. रोहा रायगडात. राजापूर अजून शेकडो किलोमीटर, डझनावारी डोंगर आणि खाड्या पलीकडे. रेल्वेमंत्र्याच्या मतदारसंघातला माणूस रेल्वे पाहण्यासाठी एस. टी. ने घाट चढून कोल्हापूरला किंवा मुंबईला जात होता.

२१/ १९८० मध्ये जनता पक्ष कोसळला, दंडवते निवडून आले. १९८४ मध्ये इंदिरा गांधींच्या हत्येनंतरच्या लाटेत काँग्रेसने राज्यातील ४८ पैकी ४३ जागा घेतल्या. दंडवते निवडून आले. १९८९ मध्ये जनता दलाच्या वतीने ते पाचव्यांदा जिंकले आणि विश्वनाथ प्रताप सिंह यांच्या मंत्रिमंडळात अर्थमंत्री झाले. १९९० च्या अर्थसंकल्पात सुवर्ण नियंत्रण कायदा रद्द करण्याची घोषणा झाली आणि शेतकऱ्यांना दहा हजार रुपयांपर्यंत कर्जमाफी मिळाली.

२२/ याच अल्पायुषी सरकारात कोकण रेल्वेची गाठ सुटली. रेल्वेमंत्री जॉर्ज फर्नांडिस, अर्थमंत्री दंडवते. पैसा नाही, हे आजवरचे उत्तर. मग स्वतंत्र महामंडळ काढायचे, केंद्राचा वाटा ५१ टक्के, उरलेला महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा आणि केरळ यांचा, आणि बाकीची रक्कम रोख्यांतून उभारायची. जुलै १९९० मध्ये कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले, ई. श्रीधरन त्याचे प्रमुख झाले. रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचे काम सुरू झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी पूर्ण मार्ग खुला झाला.

२३/ आणि १९९१ मध्ये राजापूरने दंडवत्यांना पराभूत केले. काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी झाले. ३४ वर्षांची समाजवादी परंपरा त्या दिवशी संपली, नेमकी तेव्हा, जेव्हा रूळ टाकण्याचे काम हाती घेतले जात होते. हळहळ व्यक्त करून येथे थांबणे सोपे आहे. पण मतदार कृतघ्न झाला असे म्हणणे म्हणजे इतिहास लिहिण्याऐवजी शोकसभेत बोलणे होय. कारणे शोधली पाहिजेत.

२४/ वर ज्या तीन धाग्यांचा उल्लेख केला, त्यांतील मुंबईचा धागाच आधी तुटला. १९८२ च्या गिरणी संपानंतर गिरणगाव खचले. ज्या युनियनांनी चाकरमान्याला राजकारण शिकवले, त्या मोडल्या. त्यांची जागा शिवसेनेच्या शाखेने घेतली आणि शाखेतून निघालेला माणूस गणपतीला गावी येऊ लागला, तो भगवा झेंडा घेऊन. १९९० मध्ये मालवणमधून नारायण राणे विधानसभेवर गेले. शिवाय तीन दशके विरोधी खासदार निवडून देण्याची किंमतही होती: रस्ते, पाणी, कारखाने यांच्या शर्यतीत मागे राहिल्याची भावना. वक्तृत्व आणि चारित्र्य यांचा अभिमान बाळगणाऱ्या मतदाराच्या मुलाला नोकरीही हवी होती. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

२५/ १९९६ पासून अखेरपर्यंत, म्हणजे १९९६, १९९८, १९९९ आणि २००४ अशा चार निवडणुका शिवसेनेचे सुरेश प्रभू यांनी जिंकल्या. व्यवसायाने सनदी लेखापाल. वाजपेयी सरकारात ते २००० ते २००२ या काळात ऊर्जामंत्री होते. पुढे २००३ चा वीज कायदा झाला त्याचे विधेयक त्यांच्या काळात मांडले गेले. २०१४ मध्ये ते रेल्वेमंत्री झाले, परंतु तोवर ते भाजपमध्ये होते, राज्यसभेत हरियाणाचे प्रतिनिधी होते आणि राजापूर मतदारसंघ अस्तित्वात नव्हता.

२६/ तो नाहीसा कसा झाला? लोकसभेच्या राज्यनिहाय जागा १९७१ च्या जनगणनेवर गोठवलेल्या आहेत. १९७६ च्या बेचाळिसाव्या आणि २००१ च्या चौऱ्याऐंशीव्या घटनादुरुस्तीने. मात्र राज्याच्या आतील सीमा २००१ च्या लोकसंख्येनुसार नव्याने आखण्याचे ठरले. न्यायमूर्ती कुलदीप सिंग यांच्या अध्यक्षतेखालील परिसीमन आयोगाने ते काम केले आणि फेब्रुवारी २००८ मध्ये नवी रचना लागू झाली.

२७/ गणित आपणच करून पाहू. २००१ मध्ये महाराष्ट्राची लोकसंख्या ९,६८,७८,६२७. जागा ४८. म्हणजे एका जागेमागे सुमारे २० लाख १८ हजार माणसे. रत्नागिरी जिल्हा १६,९६,७७७. सिंधुदुर्ग ८,६८,८२५. बेरीज २५,६५,६०२. भागाकार केला तर वाट्याला येते सव्वा जागा. म्हणून रत्नागिरी आणि राजापूर असे दोन मतदारसंघ जाऊन रत्नागिरी–सिंधुदुर्ग हा एक झाला. त्यात चिपळूण, रत्नागिरी, राजापूर, कणकवली, कुडाळ आणि सावंतवाडी हे सहा विधानसभा मतदारसंघ आले. उरलेली ‘पाव’ जागा म्हणजे दापोली आणि गुहागर. ती रायगडला जोडली गेली. नव्या मतदारसंघाचा क्रमांक ४६.

२८/ आता दुसरीकडे पाहा. त्याच २००१ मध्ये ठाणे जिल्ह्याची लोकसंख्या होती ८१,३१,८४९. तिला त्याच २० लाख १८ हजारांनी भागा. उत्तर येते चार. पूर्वी तेथे ठाणे आणि डहाणू हे दोन मतदारसंघ होते. नव्या रचनेत पालघर, भिवंडी, कल्याण आणि ठाणे असे चार झाले.

२९/ आणि या वाढत्या ठाण्यात राहायला कोण गेले होते? देशभरातून आलेली माणसे तर होतीच. पण डोंबिवली, बदलापूर, विरार, नालासोपारा येथील चाळी आणि सोसायट्यांच्या पाट्या वाचल्या, तर सावंत, राणे, परब, गावडे, तांबे, पांचाळ ही आडनावे पदोपदी भेटतात. गिरणगावातील खोली सोडून उपनगरांत गेलेला, मग बायकामुलांना तेथे नेलेला, रेशनकार्ड आणि मतदारयादीतील नाव हलवलेला तोच चाकरमानी. २००१ मध्ये सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे १,०७९ स्त्रिया होत्या आणि रत्नागिरीत १,१३६. हे आकडे गावात न राहणाऱ्या पुरुषांचीच मोजदाद करतात.

३०/ म्हणून, राजापूरची जागा आयोगाने हिरावून घेतली असे म्हणणे अर्धसत्य ठरेल. जागा माणसांमागून गेली. ज्या स्थलांतराने राजापूरला त्याचा राजकीय स्वभाव दिला, त्याच स्थलांतराने अखेर त्याचे नाव पुसले. पुरुष मुंबईला जाऊन पैसे पाठवीत होता तोवर मतदार गावचाच राहिला. कुटुंब गेले तेव्हा मतही गेले. २०११ च्या जनगणनेत सिंधुदुर्गची लोकसंख्या ८,४९,६५१ आणि रत्नागिरीची १६,१५,०६९ पर्यंत खाली आली. दोन्ही जिल्ह्यांत दशकात वाढ झाली नाही, घट झाली.

३१/ ‘एक व्यक्ती, एक मत, एक मूल्य’ हे तत्त्व न्याय्य आहे, यात शंका नाही. नालासोपाऱ्याच्या मतदाराचे मत राजापूरच्या मतदारापेक्षा हलके का असावे? परंतु मतदारसंघ म्हणजे केवळ २० लाख डोकी नव्हेत. डोंगर, खाडी, पाणी, मासळी, आंबा, खाण, बंदर यांचेही काही म्हणणे असते आणि ते मांडायला माणूस लागतो. जैतापूरची अणुभट्टी, नाणार आणि बारसूचा तेलशुद्धीकरण प्रकल्प हे अलीकडचे मोठे वाद सगळे राजापूर तालुक्यातले. त्यांपैकी नाणार आणि बारसूचे वाद पेटले तेव्हा राजापूर नावाचा खासदार दिल्लीत नव्हता. एवढ्याने निर्णय बदलले असते असे मी म्हणत नाही. पण जमीन तेवढीच राहते आणि माणसे घटतात, तेव्हा त्या जमिनीविषयीचा निर्णय घेणारे लोक तिच्यापासून दूर जात राहतात, ही प्रक्रिया डोळ्यांआड करू नये.

३२/ हा प्रश्न जुना नाही. जागांवरील गोठवणूक २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेपर्यंतच आहे. मग राज्याराज्यांतील जागा आणि राज्यांतर्गत सीमा पुन्हा मोजल्या जातील. दक्षिणेतील राज्ये आज जो आक्षेप घेत आहेत, त्याची लहान आवृत्ती महाराष्ट्राच्या दक्षिण टोकाला २००८ मध्येच घडून गेली. तेव्हा त्यावर फार मोठी चर्चा झाली नाही.

३३/ आता उरले काय? विधानसभेचा राजापूर मतदारसंघ आहे. रेल्वेमार्गावर राजापूर रोड नावाचे स्थानक आहे, मूळ शहरापासून बरेच दूर. मधू दंडवते १२ नोव्हेंबर २००५ रोजी मुंबईत निवर्तले. त्यांच्या इच्छेनुसार देहदान झाले. त्यांचा मतदारसंघ त्यानंतर तीन वर्षेच टिकला. २००९ मध्ये नव्या रत्नागिरी–सिंधुदुर्गातून निलेश राणे यांनी सुरेश प्रभूंचा पराभव केला आणि जुन्या राजापूरच्या चौथ्या व अखेरच्या खासदाराचीही कारकीर्द त्या मातीत संपली.

३४/ शेवटी एक काम तुमच्यासाठी. आपापल्या घरातील साठीपुढच्या माणसांना विचारा: तुम्ही पहिले मत कोणत्या मतदारसंघात दिले? त्या नावाचा मतदारसंघ आज आहे का? कुलाबा, डहाणू, मालेगाव, इचलकरंजी, पंढरपूर, कराड, खेड... पुसलेल्या नावांची यादी मोठी आहे. उत्तरे खाली लिहा. गावाचे नाव आणि वर्षही लिहा. पुढचा थ्रेड त्यांतल्याच एखाद्या नावावर करू.